वस्तीवरची भाकरी

गळ्यात माळ पडून तीस वर्षं झाली, पण देवाशी बोलायचाच कंटाळा यावा असं मला पहिल्यांदा झालं ते लातूरच्या सरकारी दवाखान्याच्या जिन्यावर. ह्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आत पू झालाय, अजून काही सांगता येत नाही. लेक पुण्याहून येऊन दोन दिवस राहिला आणि रजा संपली म्हणून परत गेला. त्याला तरी काय म्हणायचं? मी एकटीच उरले. झोप नाही, गुडघे धरलेले, आणि पोटात चार दिवस केळी आणि शेंगदाणे. मी माळकरी नसलेल्याच्या हातचं खात नाही. हा नेम मी अभिमानाने सांगत आले होते, आणि खरं सांगायचं तर त्यात भक्तीपेक्षा अभिमानच जास्त होता.

आमचं कुलदैवत माहूरची रेणुका. त्या दुपारी जिन्यावर बसून मी तिला एवढंच म्हणाले, आई, मी दमले, आता तूच बघ. नवस बोलायचंही त्राण नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा भिंतीला डोकं टेकवलं. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी बसल्याचं जाणवलं. ह्यांच्या समोरच्या खाटेवर पाय मोडलेला एक माणूस होता, देगलूरकडचा, त्याची ती बहीण. तिची भाची लातुरातच राहायची. तिच्या घरून ही बाई रोज भावासाठी भाकरी करून आणायची. तिच्या पिशवीवर दीक्षाभूमीचं चित्र होतं, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि खाट दुसरीकडे मिळते का म्हणून चौकशी करावी असं मनात आलंही होतं.

तिने फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. पण लगेच पुढे केली नाही. "मी कांताबाई. तुमच्याच गावात दिलेली, मुरूडच्या अलीकडं, वस्तीवरली. तुम्ही वळखलं न्हाई, पर मी वळखलं. आधी सांगून ठिवते, मागनं इटाळ नको." तीस-पस्तीस वर्षं आम्ही एका गावात राहत होतो. तिचं नाव मी त्या दिवशी ऐकलं.

मी भाकरी घेतली. यात माझा मोठेपणा काही नाही, भूक होती. पहिला घास घशाखाली उतरला आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "खा माय. रडत खाल्लेलं अंगी लागत न्हाई." मग रोज दुपारी ती माझ्या वाट्याची भाकरी वेगळी आणू लागली. पण पहिल्या दिवशीच्या रडण्यात भुकेखेरीज आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला तिच्यापाशी बोलता येत नव्हती.

आमच्या गावात दरवर्षी सप्ता बसतो. काल्याच्या दिवशी गावजेवण असतं. आमटी मंडपात शिजते आणि भाकरी घरोघरून येते. सकाळी ट्रॅक्टर गल्लीगल्लीतून फिरतो, बायका टोपल्या भरून भाकरी आणून घालतात. वस्तीच्या तोंडाशी पोचला की ट्रॅक्टर मागे वळतो. तसं कोणी कधी ठरवलं नाही आणि कोणी कधी बदललंही नाही. मंडपात भाकरी उतरवून घ्यायचं काम पंधरा वर्षं माझ्याकडे होतं. तीन वर्षांपूर्वी ड्रायव्हर नवा होता, परगावचा. त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. तो सरळ वस्तीत गेला. तिथल्या बायकांना वाटलं, यंदा गावाला सुबुद्धी झाली. त्यांनी घाईघाईने चुली पेटवल्या आणि दोन मोठी गाठोडी भरून दिली.

गाठोडी मंडपात आली तेव्हा कमिटीतल्या एका भाऊजींनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, ह्या कुठल्या आहेत ते. बोभाटा नको, म्हणाले. मी म्हटलं, द्या इकडे. मीच ती घरी नेली आणि गोठ्यात गाईंपुढे टाकली. गाईंनी जात विचारली नाही. त्यानंतर मी हात धुऊन काल्याच्या कीर्तनाला येऊन बसले. महाराज सांगत होते की देवाच्या दारी उच्च-नीच काही नाही, सगळी लेकरं एका मायबापाची. मी मान डोलावली, डोळे पुसले, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला तीन वर्षं सुचलंही नाही.

जिन्यावर मात्र सुचलं. रोज भाकरी मोडताना सुचत राहिलं. ह्यांचा ताप उतरेना, आणि मला वाटू लागलं की मी हे सांगितल्याशिवाय तो उतरणार नाही. असं देवाशी सौदा केल्यासारखं बोलू नये हे कळतं, पण माणूस दमला की कसाही विचार करतो. आठव्या दिवशी मी तिला सांगून टाकलं. गाठोडी, गोठा, सगळं. वाटलं होतं ती उठून जाईल. निदान भाकरी तरी बंद होईल.

कांताबाई चटणीचा हात पदराला पुसत म्हणाली, "मला ठाऊक हाय. आमच्या वस्तीवरल्या शांतीनं तवाच बघितलं व्हतं, तुमच्या गोठ्यामागनं येत व्हती ती. त्यातल्या बारा भाकरी माझ्या व्हत्या."

"मग मला का दिली?" मी विचारलं.

"तुम्ही उपाशी व्हत्या म्हनून." मग म्हणाली, "माफ केलं असं म्हनत न्हाई मी. लई लागलं व्हतं मला. पर त्याचा न् भाकरीचा काय संबंध?" आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

ह्यांचा ताप त्यानंतर दोन दिवसांनी उतरला. औषधाने उतरला असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दुपारी मी रेणुकेला हाक मारली आणि जिच्या हातची भाकरी मी गाईला घातली होती, तीच भाकरी घेऊन आली.

यंदाच्या सप्त्याआधी मी कमिटीला सांगितलं की ट्रॅक्टर वस्तीत जाणार असेल तरच मी भाकरी उतरवून घेईन. भाऊजी गोड बोलून म्हणाले, वहिनी, आजारपणात लई दमलात, यंदा आराम करा. काम जावेकडे गेलं. काल्याच्या सकाळी मी एकटीच वस्तीत गेले. कांताबाईला म्हटलं, तू दे, मी डोक्यावर नेते, बघू कोण अडवतं.

तिने मान हलवली. "न्हाई माय. तवा दिल्या, बोलावलंय वाटलं म्हनून. आता आमी देनार न्हाई. आमच्या विहारात पुनवेला खीर असती, तितं कोनालाबी आडकाठी न्हाई. तुमाला सुधरायचं तं सुधरा, आमच्या भाकरीवर कशाला?"

मला राग आला, हे लपवत नाही. इतकं करून आले आणि ही घेईना. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या मग लक्षात आलं की अजूनही देणारी मीच, घेणारी ती, असंच मी धरून चालले होते. आयुष्यभर देवाला शरण जाते म्हणत आले, पण शरण जाताना काय मिळायचं ते आधी ठरवूनच गेले. माफीसुद्धा माझ्या सोयीने हवी होती. ती मिळालेली नाही, कदाचित मिळणारही नाही. हे कबूल करून तिच्यासमोर उभं राहणं, एवढंच माझ्या हातात होतं.

"जेवल्या का?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. तिने मला आत बसवलं आणि तवा ठेवला. मळायला हात लावू का म्हटलं तर म्हणाली, बसा गप. गावातून भोंग्यावर कीर्तन ऐकू येत होतं, महाराज सांगत होते की सगळी लेकरं एका मायबापाची. "आवाज लई मोठा लावतेत," कांताबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

आई रेणुके, तुझे उपकार. मी माझी भाकरी संपवली. तिने न विचारता दुसरी पुढे केली, आणि मी हात पसरला.