आवणी आणि कलम एकवीस

घोटीच्या फाट्यावर नानांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि खाली उतरून खिडकीचा गज धरून उभे राहिले. कंडक्टरनं बेल दिली तरी गज सुटेना. मला वाटलं, आता बाप रडतोय. पण आमचे नाना कसले रडतात! खिडकीत तोंड घालून म्हणाले, "मने, कायदा शीक. लय शीक. पर कायदा घरी आणू नको." आणि गाडी सुटली. आईनं मागून हात वर केला होता, तो खाली घ्यायचं ती विसरूनच गेली.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि जे माझ्यासारखे आपापल्या फाट्यावरून निघालात, तुम्हा सगळ्यांना घरच्यांनी असं एखादं वाक्य शिदोरीसारखं बांधून दिलंच असणार. कुणाला 'वेळेवर जेवत जा', कुणाला 'पोचली की फोन कर'. माझ्या वाट्याला हे आलं. तेव्हा मी बारावी पास झालेली पोर, मला त्याचा अर्थ कळला नाही. वकिलीची पुस्तकं जाड असतात, घरात ठेवायला जागा नाही, म्हणून म्हणाले असतील, असंच वाटलं. हसू नका.

इगतपुरीकडचं आमचं गाव ते नाशिक, अंतर म्हणाल तर दीड-दोन तासांचं. पुण्याला नि दुबईला गेलेले म्हणतील, हे काय स्थलांतर! पण हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी मी "आमटी लय तिखट हाय" म्हणाले आणि तीन टेबलांवरच्या माना वळल्या, तेव्हा आपण किती लांब आलोय ते मला बरोबर कळलं. मग हळूहळू 'हाय'चं 'आहे' झालं. असाइनमेंट, मूट कोर्ट, इंटर्नशिप असले शब्द जिभेवर बसले. पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून गंगापूर रोडनं चालताना कुणी ओळखीचं बघतंय का, म्हणून मी उगाच मागं वळून बघायची. गावी आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असायची, सगळं घर गुडघाभर चिखलात, आणि मी इथं कोरड्या पायांनी पंख्याखाली बसलेली. त्याचं मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगू का, बरंही वाटायचं.

तिसऱ्या वर्षाला संविधान आलं. नागरिकांचे हक्क आणि स्वातंत्र्य. आमच्या घरात हक्क हा शब्द मी फक्त 'हक्कसोड' या जोडशब्दात ऐकलेला. आत्या माहेरी येतात, पुरणपोळी खातात, भावांसाठी जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करतात आणि साडी घेऊन परत जातात. हक्क ही सोडायचीच वस्तू असते, असा माझा समज होता. आणि इथं मॅडम फळ्यापुढं उभ्या राहून सांगतायत की एकविसाव्या कलमातलं 'जीवित' म्हणजे नुसता श्वास घेणं नव्हे. माणसानं मानानं जगणं, सज्ञान माणसानं आपला जोडीदार आपण निवडणं, हे सगळं त्यात येतं. मी वहीत खाली मान घालून लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची शीतल उभी राहिली.

शीतल म्हणजे आमच्या शेजारच्या हौसाकाकूंची मुलगी, शाळेत माझ्याच वर्गातली. त्याच उन्हाळ्यात तिनं दुसऱ्या जातीच्या मुलाशी नोंदणी करून लग्न केलं आणि नाशिकमधल्या सातपूरला राहायला गेली. ती गेली ती सुटली. मागं काकू एकट्या राहिल्या. काका केव्हाच वारलेले. भावकीतली पुरुषमंडळी मारुतीच्या सभामंडपात बसली आणि ठरलं, की हौसाच्या बांधावर कुणी पाय ठेवायचा नाही. कागद नाही, शिक्का नाही, नुसत्या माना हलल्या. त्यात एक मान आमच्या नानांची होती.

बाहेरच्यांना हे कदाचित कळणार नाही. आमच्याकडं भाताची आवणी एकट्यानं होत नाही. आज तुमच्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तुम्ही. याला आम्ही सावड म्हणतो. वाफ्यातलं रोप उपटून चिखलात लावायला मोजकेच दिवस मिळतात. ते दिवस गेले की रोप जून होतं आणि वर्ष हातचं जातं. ज्याची सावड तोडली त्याला मारायला काठी लागत नाही.

मॅडमनी उदाहरणं विचारली तेव्हा मी हे सगळं वर्गात सांगितलं. पुढच्या बाकावरचा एकजण वळून म्हणाला, "अजूनही असं होतं?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तू सकाळी इंद्रायणीचा भात खाऊन आलास ना? तो जिथून येतो तिथं होतं बाबा!" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला तास संपल्यावर थांबवून घेतलं आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपल्या राज्याचा कायदा वाचायला दिला. त्यात वाळीत टाकणारा तर गुन्हेगार आहेच, त्या बैठकीत बसून साथ देणाराही सुटत नाही. साथ देणारा माझा बापच होता.

शनिवारी मी गावी गेले. जेवणं झाली आणि मी तोंड उघडलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फाट्यावर काय सांगितलं व्हतं तुला?"

"कायदा घरी आणू नको."

"मंग आणला ना? आता त्यालाच भाकरी वाढ. सोमवारी नाशिकला जायचं नाय. लय झालं शिक्षण."

एवढं बोलून ते ओट्यावर जाऊन बसले. मी भिंतीला टेकून रडले, अगदी लहान पोरीसारखी. संविधानातलं कुठलंच कलम त्या वेळी उपयोगी पडलं नाही. राग आलेला, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. नाना शब्दाचे पक्के. नाही म्हणजे नाही.

सकाळी आईनं डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांधला आणि दुसरा माझ्यापुढं टाकला. कुठं जायचं ते मी विचारलं नाही. ती थेट हौसाकाकूंच्या बांधावर गेली. नानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली, "मागच्या साली तिनं आपलं अख्खं भाताचं खाचर लावलं. कोणाच्या पोरीनं लगीन कसं केलं ते इचारून सावड करायची व्हय?" काकू वाफ्यात एकट्याच रोप उपटत होत्या. आम्हाला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "सुमे, अगं तुलाबी टाकतील!" त्या आईला म्हणाल्या. आई म्हणाली, "टाकू दे. आधी रोपाची मूठ दे इकडं."

दोन वर्षांत माझी पाठ शहरी झाली होती. दुपारपर्यंत मोडायला आली. आम्ही तिघी किती लावणार? एवढंसं खाचर झालं. येणारे-जाणारे रस्त्यावर थांबून बघायचे आणि खाली बघून पुढं जायचे. नानाही येऊन बांधावर उभे राहिले. मग तसेच माघारी गेले.

सोमवारी सकाळी माझी बॅग दारात भरून ठेवलेली दिसली. आई म्हणाली, ती तिनं भरली नाही. फाट्यापर्यंत नाना मोटारसायकलवर सोडायला आले. एसटी आली, मी चढले, तर ते पाठ फिरवून निघूनही गेले. त्या वेळी मला वाटलं, माझं शिक्षण वाचलं, पण घर गेलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी हॉस्टेलच्या जिन्यात फोन वाजला. नाना. त्यांचा श्वास जोरात चालला होता. "मने, मारुतीपाशी हाय मी. भावकी बसलीय. आपल्याबी घराला टाकायचं म्हनतात. ते तुझं कलम सांग जरा. मी स्पीकरवर टाकतो. आन् आपल्या भाषेत बोल, कॉलेजच्या नको."

मी पायरीवर बसले. मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात, न्यायाधीशांपुढं माय लॉर्ड माय लॉर्ड करत किती बोलले होते मी! इथं समोर सगळी भावकी. मग बोलले. म्हटलं, "रामराम मंडळी. मी नानांची मनी. शीतल सज्ञान हाय. तिनं कोणाशी लगीन करायचं ते ठरवायचा हक तिचा हाय, तो तिला देशानं दिलाय, भावकीनं दिला नाय, म्हणून भावकीला काढून घेता येत नाय. आन् त्यापायी कोणाला वाळीत टाकलं तर टाकणारा आन् मान हलवणारा, दोघंबी गुन्हेगार. नाना तुमच्यासंगं बसले व्हते. तक्रार झाली तर त्यांचंबी नाव येईल. तरी मी सांगतेय."

पलीकडं कुणीतरी खाकरलं. तेवढ्यात नानांचा आवाज आला, "परत सांग, पोरी. मागं बसलेल्यांना ऐकू नाय आलं."

मी परत सांगितलं. या वेळी रडत रडत.

सगळं गाव काही एका फोननं बदललं नाही. चार घरं काकूंच्या आवणीला आली, बाकीची नाही आली. त्यांचं एक खाचर त्या वर्षी पडीकच राहिलं. भावकीतले दोघं-तिघं अजून नानांशी बोलत नाहीत. नानांना ते लागतं. सभामंडपावरून जाताना ते चालण्याचा वेग वाढवतात, मी पाहिलंय. दिवाळीला मात्र शीतल नवऱ्याला घेऊन आली आणि फराळ आमच्या ओट्यावर झाला.

आधी मला घर म्हणजे जिथं काही सांगावं लागत नाही ती जागा वाटायची. आता नाशिकच्या खोलीत बसून विचार करते तेव्हा वाटतं, जिथं सांगितलेलं कुणीतरी ऐकून घेतं, पचायला जड गेलं तरी ऐकून घेतं, तेच माझं घर. ते मला फाटा सोडल्यावर मिळालं.

दिवाळी संपवून परत निघाले तेव्हा नानांनी पुन्हा बॅग चढवली, पुन्हा खिडकीचा गज धरला. मला चेष्टा सुचली. म्हटलं, "नाना, कायदा घरी आणला तो आणलाच. आता परत घेऊन जाऊ का नाशिकला?"

कंडक्टरनं बेल दिली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पर माळ्यावर नको टाकू. ओट्यावर ठिव. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पायजे."