हेल्पर फाईलचे उद्योग

कोडमधली चूक दुरुस्त केली की पुसली जाते, तिचा किस्सा मात्र राहतो. वर चहाला बसलं की दरवेळी थोडा वाढतोही! आमच्या ऑफिसात तर एका फाईलीवर इतके किस्से साठलेत की नवीन माणूस आला की आधी ते ऐकवतो, मग पासवर्ड देतो.

ऑफिस जळगाव रोडवर, माणसं चार. मुख्य कांबळे मॅडम, रोज फुलंब्रीहून मोटरसायकलवर येणारा शिंदे, टेस्टिंगला नाझनीन आणि मी. आम्ही शेतकऱ्यांसाठी हवामानाचं अ‍ॅप चालवतो. अंदाज आमचा नसतो. तो दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरला इंटरनेटवरून विचारायचा असतो. विचारायचं काम करणारी छोटी छोटी फंक्शनं, म्हणजे कोडचे तुकडे, मॅडमनी एकाच फाईलीत लिहून ठेवलीत. तीच ही हेल्पर फाईल.

*

सुरुवातीला मॅडमनी नियम घातला, उत्तर आलं नाही तर परत विचारायचं. किती वेळा, ते लिहायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज पार थकलेला.

"मॅडम, आमचा सर्व्हर सकाळपासून बंद आहे. उत्तर येत नाही म्हटल्यावर तुम्हाला कळत नाही का?"

मॅडम म्हणाल्या, "कळलं असतं हो, पण तुम्ही 'नाही' कुठं म्हणताय? नुसते गप्प बसलाय!"

फोन ठेवून त्यांनी निमूटपणे 'तीन वेळा' असं लिहून टाकलं.

*

एकदा देवगाव रंगारीच्या एका काकांचा फोन नाझनीननं घेतला.

"ताई, तीन दिवस झाले तुमचा पाऊस पडायलाय. म्या फवारणी थांबवून बसलोय. इथं तर थेंब नाय!"

नाझनीननं शोधलं. गावाच्या नावात मधे मोकळी जागा आली की फंक्शन तिथंच नाव तोडत होतं. 'रंगारी' गळालं, नुसतं 'देवगाव' पुढं गेलं, आणि भलत्याच जिल्ह्यातल्या देवगावचा अंदाज परत आला. तिनं माफी मागून हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी पाऊस पडला, व्हय?"

"पडला काका. पण त्या दुसऱ्या देवगावात."

"चला, कुणाचं तरी भलं झालं. पण आता आमचं नाव पुरतं घ्या!"

*

सर्व्हरला काही विचारताना आधी स्वतःची ओळख सांगायची पद्धत असते. ओळख म्हणजे आमच्या अ‍ॅपचं नाव. टेस्टिंग करताना शिंदेनं गंमत म्हणून तिथं 'मी शिंदे' लिहिलं आणि काढायचं विसरला. अ‍ॅप तसंच लोकांच्या फोनवर गेलं.

दुपारी पुन्हा त्याच गृहस्थांचा फोन. "मॅडम, हे शिंदे कोण आहेत? आत्ता पैठणचं हवामान विचारलं, त्याच मिनिटाला कन्नडचं, लगेच सिल्लोडचं! एवढे फिरतात कसे?"

मॅडमनी मागं वळून बघितलं. "काय की! आत्ता तर जेवायला बसलेत."

*

सर्व्हरचा पत्ता बदलला की जुना पत्ता 'तिकडं जा' म्हणून नवीन पत्ता सांगतो. एकदा गडबड अशी झाली की जुना म्हणे नव्याकडं जा, नवा म्हणे जुन्याकडं जा! आमचं फंक्शन बिचारं मधल्या मधे फिरत राहिलं. मॅडमनी नियम केला, पाच चकरा झाल्या की थांबायचं.

नाझनीन नुकतीच एक दाखला काढून आली होती. म्हणाली, "पाचच? मेरे दाखले को सात खिडक्या हुए!"

*

मग एका सोमवारी वाद पेटला. खेड्यातून तक्रारी येत होत्या की अ‍ॅप सारखं 'संपर्क नाही' म्हणतं. फंक्शन पाच सेकंद वाट बघायचं, मग परत विचारायचं, असं तीनदा. मॅडम म्हणाल्या, तिनाचे सहा करू. शिंदे म्हणाला, मूळ गडबड दुसरीच आहे, पण कुठली ते त्यालाही सांगता येईना. आवाज चढले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "माझ्या फाईलीत हात घालायचा असेल तर आधी कुणा अनुभवी माणसाकडून रिव्ह्यू करून आण!"

शिंदे चिडून बाहेर गेला आणि त्यानं घरी आईला फोन लावला. तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. आई घरी एकटीच होती. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. हेल्मेट उचललं आणि निघाला.

हर्सूल ओलांडून फुलंब्री गाठेपर्यंत जिवात जीव नव्हता, असं तो नंतर म्हणाला. घरी पोचला तर आई ओसरीवर शेंगा फोडत बसलेली!

"तीनदा लावला फोन! उचलला का नाय?"

"कसा उचलू? गुडघ्यावर हात टेकून उठते, चार पावलं येते, की तू तोडतो. पुन्हा बसते, की पुन्हा वाजतो. लई येळा लावण्यापरीस एकदाच लाव, अन् म्या येईस्तोवर थांब की जरा!"

तासाभरानं शिंदे ऑफिसात परतला. त्यानं फाईल उघडली. पाच सेकंदांचे तीस केले, तीनदाचं एकदा केलं, आणि मॅडमसमोर ठेवलं.

मॅडमनी वाचलं. परत वाचलं.

"बरोबर वाटतंय. रिव्ह्यू कुणी केला?"

"आईनं."