दांडा नाल्यात नव्हता

"बाई, डोये मिटू नका," म्हणत मिस्त्री ब्रेकरचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि स्वतःचाच श्वास रोखायचा.

चंद्रपूरकडच्या एका कारखान्यातला आमचा इलेक्ट्रिकचा मिस्त्री. गाव नागभीडजवळ. मी स्टोअरच्या खिडकीत बसायची. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागले होते, वाचायला शिकले ती डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून.

ब्रेकर म्हणजे तुमच्या घरच्या बटणाचा थोरला बाप, तेलाच्या टाकीत बुडवलेला. एरवी त्याला स्प्रिंग लावते, म्हणजे चालू करते, धाडकन, पापणी लवायच्या आत. पण वर्षातून एकदा सप्लाय तोडून, टाकी उतरवून मिस्त्री तो दांड्याने हळूहळू लावायचा, मुंगीच्या चालीने. आतल्या तीन टोकांना तीन बल्ब जोडलेले. टोकं एकाच क्षणी भिडून तिन्ही बल्ब सोबत पेटले पाहिजेत. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, ते फक्त मला माहीत. म्हणून बल्ब पाहायला मी.

"कोणता पहिले लागला?"

"मधला, भाऊ."

"मधला लय उतावळा. लग्नात पहिल्या पंगतीले बसणारा."

पाना घेऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून. जेवणाची सुट्टी निघून जायची. मी चिडायची, "केसभर तर फरक हाय, भाऊ."

"तुमच्या भाजीत केस निघाला तं चालते का?"

एका दुपारी स्प्रिंगच बिघडली आणि मशिनी थांबल्या. नवा साहेब म्हणाला, दांड्यानं लाव. सप्लाय चालू असताना.

"नाई साहेब. चालू सप्लायवर हळू लावला तं टोकं भिडायच्या आधीच आग धरते. टाकी फुटते."

"मग दुसरा लावील."

मिस्त्री तसाच माझ्या खिडकीशी आला. दांडा आत सरकवला. "कोणाले दिसू नाई पायजे, बाई." मी तो चिंध्यांच्या पोत्याखाली घातला. मागोमाग साहेब दांडा शोधत आला. मी सांगितलं, इथी नाई. स्प्रिंग दुरुस्त व्हायला संध्याकाळ झाली, तोवर कारखाना बंद.

मिस्त्रीची चौकशी बसली. कंपनीचा माल लपवला म्हणून. तो म्हणाला, नाल्यात फेकला. मी बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होते. आदल्या दिवशीच गेटवर त्यानं मला बजावलं होतं, "तोंड उघडू नका. तुमाले दोन पोरी हायेत." आणि मी लगेच ऐकलं. इतकं लगेच कोणी ऐकतं का हो?

त्याला काढून टाकलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. साहेबाचा राग तर येतोच, अजून येतो. पण खरा जळफळाट दुसराच आहे. त्या दुपारी कोणी मेलं नाही, म्हणून त्याचं बरोबर होतं हे कुठल्याच कागदावर चढलं नाही. एखादा भाजून मेला असता तर साऱ्यांना पटलं असतं. वा रे न्याय.

तो गावी गेला. मग डोळे पूर्णच गेले म्हणे. मी भेटायला गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

पुढच्या वर्षी ब्रेकर उघडला. साहेब नव्या मिस्त्रीला घेऊन खिडकीशी आला. दांड्याऐवजी पाइपाचा तुकडा हवा होता. मी पोत्याखालून दांडा काढला आणि साहेबासमोर ठेवला. आता विचारील, कुठं होता. उत्तर वर्षभर तोंडात तयार होतं.

साहेबानं दांडा उचलला, चिठ्ठीवर सही केली आणि गेला.

मी खिडकीतच बसून राहिले. बल्ब पाहायला कोणी बोलावलं नाही.