बांधाशेजारचा कान

घोटावड्यात माझ्या बांधाला लागून ज्याचं शेत आहे, त्याच्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजतो. डॉक्टर त्याला गाऊट म्हणतात आणि मटण बंद करायला सांगतात. तरी त्याचं मटण सुटत नाही. यंदा म्हणाला, "वयनी, त्योच रोग कानात गेलाय. डाक्टरनं उजव्या कानातनं खडूगत पांढरं काडलं. त्या कानानं कायबी आयकू येत न्हाई."

अंगठ्याचा रोग कानात कसा चढेल? मला ते सोंगच वाटलं. आमच्या हद्दीचा दगड दोन हात माझ्याकडे सरकलाय. मोजणीच्या आधी तो जागेवर आला नाही, तर माझी तेवढी जमीन गेली. पण दगडाचा विषय काढला की हा नुसतं "आँ? आँ?" करतो.

काल तो ओट्यावर बसला होता. मी मागून जाऊन त्याच्या उजव्या कानाशी हळूच म्हटलं, "भावजी, मटण शिजलंय, जेवाया या." तो ढिम्म. म्हणजे कान खरंच गेला होता.

मग मी डावीकडे गेले आणि तितक्याच हळू विचारलं, "दगड कुणी सरकवला?"

त्याने सावकाश मान वळवली, उजवा कान माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला, वयनी."