जमिनीखालचं पाणी

शेवगावात आमच्या गल्लीत एक म्हातारे गवंडी राहायचे. कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी टाचेनं जमीन ठोकून बघत. जुन्या घरांखाली धान्याची पेवं असायची, वरून बुजवलेली आणि आत पोकळ. बहात्तरच्या दुष्काळानंतर पावसानं झड लावली, तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघरात जमिनीला कान लावून पडले.

“सूनबाई, चूल हलव. खाली पेवात पानी शिरलंय.”

वडील हसले. आईनं मात्र चूल पडवीत नेली. तिसऱ्या दिवशी ती तिथं भाकरी थापत असताना स्वयंपाकघराची जमीन आवाज न करता खाली गेली. खड्ड्यात काळं पाणी होतं.

त्यानंतर गल्लीत कुणी त्यांना घरात बोलवेना. ते येताना दिसले, की मीही दार लावून घ्यायचो.