शनिवारी विझणारी ज्योत

आम्ही सोफ्यावरून उठलो आणि फ्लॅट दाखवणाऱ्या बाईंनी सोफ्यावर सुगंधी फवारा मारला.

आमच्या देखत. आधी मी बसलो होतो तिथे, मग माझी बायको बसली होती तिथे. बाटली टेबलाखाली ठेवली आणि हसून म्हणाल्या, "चला, बेडरूम दाखवते."

नदीकाठी आयटीतल्या लोकांसाठी नवे टॉवर उठत होते. त्यांचा सॅम्पल फ्लॅट बघायला आम्ही दोघं कामाच्या दिवशीच, संध्याकाळी गेलो होतो. मी घरून पुन्हा आंघोळ करून निघालो होतो. बायकोने शर्टाला इस्त्री केली होती. बाईंनी आधी विचारलं, नोकरी कुठे. मी सांगितलं, शेजारच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "येरवड्याच्या आतल्या बाजूला आमची दुसरी स्कीम आहे. तुमच्या लोकांना तिकडे बरं पडेल."

मी ऐकून घेतलं. घर हवं होतं. आमची वस्ती नदीच्या पलीकडे, पूर्वेला. मुलगी सदाशिव पेठेत क्लासला जाते आणि मैत्रिणींना घरचा पत्ता सांगत नाही. हे मला कळलं तेव्हाच मी बँकेत कर्जासाठी गेलो होतो.

बेडरूमच्या खिडकीतून आमचं केंद्र दिसत होतं. अंधारून येत होतं, त्यामुळे ज्योतही दिसत होती. बायकोला बरं वाटलं. "अहो, ती बघा, तुमची ज्योत."

ती ज्योत काय आहे ते सांगतो. शहराच्या मैलापाण्यातला गाळ आमच्याकडे बंद टाकीत कुजवतात. त्यातून गॅस निघतो. बराचसा मिथेन. त्याच्यावर वीज करायचं इंजिन आहे, पण ते बंद पडलंय. म्हणून गॅस एका उंच नळीच्या तोंडाशी जाळतात. जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. न जळता गेला तर मिथेन म्हणूनच हवेत जातो, आणि वजनास वजन, शंभर वर्षांच्या हिशेबात, कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त पृथ्वी तापवतो. मिथेनला वास नसतो, रंग नसतो. त्याच्यासोबत सडक्या अंड्यासारखा वास मारणारा दुसरा वायू येतो. ज्योतीत तोही जळतो.

"त्याची काळजी करू नका, मॅडम," बाई म्हणाल्या. "शनिवार-रविवार संध्याकाळी ती बंदच असते. तेव्हाच तर सगळे फ्लॅट बघायला येतात. आग दिसली की लोक घाबरतात ना. आमच्या सरांनी तिथल्या साहेबांशी बोलून ठेवलंय."

मी तिथला केमिस्ट. शनिवार-रविवार माझी सुट्टी. मला हे माहीत नव्हतं.

मला एवढंच माहीत होतं की दर सोमवारी गॅसचा आकडा कमी दिसतो. मीटर ज्योतीकडे जाणाऱ्या नळीवर आहे. मला वाटलं, टाकीतला गाळ बिघडलाय. मी गाळाची आम्लता तपासली, तापमान तपासलं, पुन्हा तपासलं. गाळ ठणठणीत होता. ज्योत विझवली की दाब वाढतो, टाकीवरची झडप उघडते आणि गॅस थेट आभाळात जातो. त्या वाटेवर मीटरच नाही. किती गॅस गेला? सांगता येणार नाही. जे मोजलं नाही त्याचा आकडा मी सांगत नाही. पण अहवालात तो गॅस तयारच झालेला नाही.

स्कूटरवरून घरी आलो. दार लावल्यावर बायकोने माझ्या शर्टाची कॉलर नाकाला लावली. मग बाही. मग माझे हात.

"नाही येत हो वास," ती म्हणाली.

त्या बाईंचा फवारा मी गिळला असता. हे गिळता येईना. माझ्या घरात, माझ्या बायकोने मला हुंगून बघितलं होतं, आणि ती काय म्हणते याची मी श्वास रोखून वाट बघत होतो.

मैल्याची किळस मला कधी आली नाही. गाळाचे नमुने रोज हाताळतो. ज्याच्या-त्याच्या पोटातलं आहे, त्यात लपवण्यासारखं काय? ज्या लोकांना नाक मुरडायचं असतं, त्यांच्याही संडासातून तेच येतं, आणि कुणाचं कुठलं हे प्रयोगशाळेतसुद्धा ओळखता येत नाही.

शनिवारी सुट्टी असून मी केंद्रावर गेलो. आमच्या घरातून ज्योत दिसत नाही, वासही तिथवर पोचत नाही, पण आई वस्तीच्या नदीकडच्या टोकाला राहते. तिला आदल्या दिवशी विचारलं होतं, वास येतो का. ती म्हणाली, "शनवार-रविवारी तर खिडकी उघडायची सोय नाही. मला वाटलं, नाल्याचा असेल."

केंद्र शहराचं आहे, पण चालवतो ठेकेदार. आमचे साहेब त्याच कंपनीचे. ते ऊन उतरताना आले, बरोबर बिल्डरचा मॅनेजर. मॅनेजरने रुमाल नाकावरून काढला नाही.

साहेब ऑपरेटरला म्हणाले, "चला, बंद करा ती."

मी म्हणालो, "साहेब, इंजिन बंद आहे. ज्योत विझवली तर सगळा मिथेन तसाच वर जाईल."

"अहो, मला शिकवता का? पर्यावरणातली पदवी आहे माझी. कॉलेजात यावर निबंध लिहून झालाय."

त्यांना सगळं माहीत होतं. हे मला नीट सांगायचंय. अज्ञान नव्हतं.

मॅनेजरला वेगळीच चिंता होती. "वास आमच्याकडे नाही ना येणार?"

"छे हो. संध्याकाळी वारा पश्चिमेचा. वास पलीकडे वस्तीत जातो. त्यांना काय, सवय असते." मग साहेबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आता त्यांच्यातले राहिला नाहीत."

हे त्यांनी प्रेमाने म्हटलं. तेव्हा मला किळस आली.

शिक्षण, नोकरी, इस्त्रीचा शर्ट, टॉवरमधला फ्लॅट. यासाठीच होतं का सगळं? कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणावं म्हणून, की आता तुझ्या आईच्या नाकात काहीही सोडलं तरी तुला लागायचं कारण नाही?

मी खांद्यावरचा हात काढला. ऑपरेटर आणि ज्योतीच्या नळीची झडप यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो.

"बंद होणार नाही."

"तुम्हाला विचारलंय का?"

"नाही. म्हणूनच सांगतोय. मी त्यांच्यातलाच आहे. माझी आई तिथे राहते."

"सोमवारपासून घरीच बसाल."

"बसेन. आज ती जळणार."

ऑपरेटर झडपेला हात न लावता पान्हा घेऊन टाकीमागे निघून गेला. मॅनेजर फोनवर कुणाला तरी "सर, एक प्रॉब्लेम झालाय" म्हणत फाटकाकडे गेला. ज्योत रात्रभर जळली.

सोमवारी फाटकावर माझा पास काढून घेतला. नोकरी गेली, म्हणून बँकेचा होकारही गेला. पुढच्या शनिवारी ज्योत पुन्हा विझवली. वस्तीत पुन्हा खिडक्या लागल्या. मी जिंकलो वगैरे काही नाही.

मुलीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग आता काय करणार?"

ते मी ठरवलंय. दर शनिवार-रविवारी संध्याकाळी मी टॉवरच्या फाटकाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर उभा राहतो. येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती उंच नळी दाखवतो. तिथे ज्योत असायला हवी, ती तुमच्यासाठी विझवली आहे, आणि जे दिसत नाही ते तुमच्या मुलांच्या आभाळात जातंय, असं सांगतो. नाव विचारलं तर आडनावासकट सांगतो. काही जण काच वर करतात. करू देत. ती ज्योत शनिवारी संध्याकाळी जळेपर्यंत मी तिथून हलणार नाही. हटवायचं असेल त्यांनी येऊन हटवावं. पण उजेडात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.