सात नंबरपर्यंतचे सगळे

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारातले ते चपलावाले काका मला एकदाच भेटले. माझ्या यादीत दोन कामं होती: लेकीला चप्पल घेणं आणि तिला हसवणं. दुसऱ्या दिवशी तिचा संख्याशास्त्राचा पेपर होता आणि प्रसामान्य वितरणातली, म्हणजे त्या घंटेसारख्या आलेखातली, संचयी संभाव्यता काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हती.

काकांनी चपला डावीकडून उजवीकडे नंबरवार रचल्या होत्या. कडांना थोड्या, मध्ये हा ढीग.

"सात नंबर. पैर बड़े हैं," ती ओशाळून म्हणाली.

त्यांनी सर्वांत लहान नंबरापासून सातपर्यंत हात फिरवला. "सात तक इतने सारे लोग आ गए, बेटा. आगे बस ये चार जोड़ी."

"आई, त्या आकड्यापर्यंतचं डावीकडचं सगळं धरायचं!" ती ओरडलीच. "अंकल, कल मेरा यही पेपर है! और पाँच तक?"

काका हौसेने पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिले. गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा कुठे म्हणाले, "अब जाओ बेटा, पास हो गई तुम."